घरातली औषधं आणि दागिने नातेवाइकांपासून कशी सांभाळायची: कुलूप लावण्याआधीची आणि नंतरची कामं

चिठ्ठी महिन्याची असते आणि अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी मुलगी दुकानात परत येते. "आईच्या झोपेच्या गोळ्या संपल्यात, अजून एक स्ट्रिप द्या की." रोज एक म्हणजे महिन्याच्या तीस. अठरा दिवसांत अठरा जायला हव्यात, मग उरलेल्या बारा कुठं गेल्या? एवढं विचारलं की ती गप्प होते. आईने जास्त घेतल्या नाहीत हे तिला माहीत असतं. घरातल्याच कोणीतरी घेतल्या, हेही माहीत असतं. नाव घ्यायला जीभ उचलत नाही.

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव, कुठल्याही पेठेतल्या मेडिकल दुकानदाराला हा प्रसंग नवा नाही. आणि पुढं काय होतं तेही ठरलेलं असतं. घरचे बाजारातून कुलूप आणतात, कपाटाला लावतात, किल्ली देव्हाऱ्यातल्या फोटोमागं ठेवतात, आणि रात्री सगळ्यांसमोर पुतण्याला किंवा नातवाला विचारतात, "तू घेतलास काय?" महिन्याभराने गोळ्या पुन्हा कमी भरतात आणि आता घरात भांडणही असतं. यात चुकतो तो क्रम. कुलूप हे या कामातलं चौथं पाऊल आहे, आणि आधीची तीन पावलं टाकली नसतील तर कितीही भारी कुलूप असलं तरी उपयोग होत नाही.

तयारीला फार काही लागत नाही. एक शंभर पानी वही, न पुसणारा मार्कर पेन, फोटो निघणारा मोबाइल, आणि ज्याच्यावर शंका येण्याचं काहीच कारण नाही असं घरातलं एक माणूस. असं माणूस घरात नसेल तर गडहिंग्लजला, चंदगडला किंवा कोल्हापूरला दिलेली लेक चालेल. फोनवरून आकडे लिहून घेणं तिला सहज जमतं.

१. आधी सात दिवस फक्त मोजा

या आठवड्यात काही हलवायचं नाही, काही लपवायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही. फक्त मोजायचं. ज्याचं औषध आहे त्या माणसाला मात्र हे सांगा. त्यांच्या अपरोक्ष त्यांच्या गोळ्या मोजल्या तर त्यांना वाटतं, आपल्यावरच संशय आहे.

वहीत प्रत्येक औषधाला एक पान द्या. वर औषधाचं नाव, ताकद म्हणजे किती मिलिग्रॅम, रोज किती घ्यायच्या, आणले कधी, किती आणले. खाली रोज रात्री एकाच वेळी उरलेला आकडा. उदाहरणार्थ, रोज दोन गोळ्या, तीस दिवसांच्या साठ आणल्या. बारा दिवसांनी चोवीस गेलेल्या असणार, छत्तीस उरायला हव्यात. एकतीस भरल्या तर पाच गेल्या. प्रत्येक स्ट्रिपच्या मागच्या बाजूला मार्करने एक-दोन-तीन असे क्रमांक घाला, म्हणजे मधलीच एक अख्खी स्ट्रिप उचलली तर लगेच कळतं. सुट्या गोळ्या घेणारा नेहमी उघडलेल्या स्ट्रिपमधूनच घेतो असं नाही. खालची, न उघडलेली स्ट्रिप नेली की आठ-दहा दिवस कोणाला पत्ता लागत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

सिरपची बाटली असेल तर लेबलच्या कडेला पातळीची रेघ मारा आणि तारीख लिहा. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप पाणी घालून पुन्हा भरून ठेवल्याचं मी पाहिलं आहे. पातळी रेघेवरच राहते, पण रंग आणि दाटपणा बदलतो. म्हणून नवी बाटली आणल्यावर उजेडात धरून एक फोटो काढून ठेवा.

*खात्री करा:* आठवडाभरात आकडा चुकला तर आधी आजारी माणसाला विचारा. विसरून दोनदा गोळी घेणं वय झालेल्यांमध्ये नेहमीचं आहे. "हरवलेल्या" गोळ्या उशीखाली, नऊवारीच्या ओच्यात किंवा चष्म्याच्या डबीत सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत. हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.

२. औषधांचे तीन ढीग करा

इथं होणारी चूक जिवावर बेतू शकते. सगळी औषधं एकत्र करून एकाच पेटीत कोंडायची नाहीत.

पहिला ढीग कधीही कुलपात न ठेवण्याचा. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, दम्याचा पंप, साखर एकदम उतरल्यावर द्यायचं ग्लुकोज, फिट आल्यावर नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो. रात्री दोन वाजता किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. हे सगळं आजारी माणसाच्या हाताशी ठेवायचं आणि घरातल्या प्रत्येकाला जागा माहीत असायला हवी. फिटच्या स्प्रेमध्ये बहुतेकदा मिडाझोलाम असतं आणि त्याचाही गैरवापर होतो. म्हणून तो उघडा ठेवायचा, पण सील तुटलं नाही ना हे रोज बघायचं.

दुसरा ढीग कुलपात ठेवण्याचा. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम. जोरदार वेदनाशामक: ट्रामाडोल, टॅपेन्टाडोल, मॉर्फिन, फेंटानिलचे कातडीवर चिकटवायचे पॅच. नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन. कोडीनचं सिरप. यातल्या बऱ्याच पाकिटांवर लाल चौकटीत एच-वन (H1) असा इशारा छापलेला असतो, ती विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या एच-वन यादीतली औषधं. कुठला शब्द आठवला नाही तरी चौकटीत H1 दिसलं की ते औषध या ढिगात जातं, इतकं लक्षात ठेवा.

तिसरा ढीग बाकीच्यांचा. बीपी, साखर, थायरॉइड, पोटाच्या गोळ्या. यांना कुलपाची गरज नाही, फक्त मुलांच्या हातापासून उंच.

*सावधान:* चोराला कळू नये म्हणून गोळ्या दुसऱ्याच औषधाच्या डबीत किंवा स्ट्रिपमधून काढून बरणीत ठेवणं हा सर्वांत वाईट उपाय आहे. चोर ओळखतो. फसतो तो घरातला दुसराच कोणीतरी. बीपीची समजून झोपेची गोळी घेणारे सासरे आणि गोड लागतं म्हणून चघळणारं पोर, दोघांचा जीव जाऊ शकतो. औषध मूळ पाकिटातच राहिलं पाहिजे.

३. घरातला साठा कमी करा

जेवढं घरात नाही तेवढं चोरीला जात नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: घरात गोळ्या कमी भरतात, महिन्याऐवजी दहा किंवा पंधरा दिवसांच्या लिहून द्या. हे सांगताना लाज वाटते, मला समजतं. पण डॉक्टर हे पहिल्यांदा ऐकत नाहीत आणि त्यांना ते माहीत असणं उपचारासाठी गरजेचं आहे. चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहून मागा. दहाचे तीस करणं एका पेनचं काम आहे. "दहा" अक्षरी लिहिलेलं असलं की ते अवघड होतं.

चिठ्ठी हीच खरी किल्ली आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गोळ्यांना कुलूप आणि चिठ्ठी टीव्हीवर, असं चित्र घराघरांत असतं. पुतण्या तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानात जातो. नियमाप्रमाणे दुकानदाराने चिठ्ठीवर आपलं नाव-पत्ता आणि औषध दिल्याची तारीख टाकायची असते, आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध द्यायचं नसतं. एच-वन औषधांची तर डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या अशी वेगळी नोंदवही तीन वर्षं ठेवावी लागते. तुम्ही एवढं करा:

औषध घेताना शिक्का आणि तारीख पडलीच पाहिजे असा आग्रह धरा. बिल रुग्णाच्या नावानेच घ्या. शक्य तोवर एकच दुकान ठेवा आणि तिथं सांगून ठेवा की या नावाची औषधं फक्त आई, मी किंवा बहीण यांनाच द्यायची. निपाणीला एक, कोल्हापूरला दुसरं, परतताना संकेश्वरला तिसरं, असं केलं की कोणी किती नेलं याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. मूळ चिठ्ठी कुलपात, मोबाइलवर तिचा फोटो.

४. पेटी आणि तिची जागा

आता कुलूप. लोक इथं पैसे चुकीच्या जागी घालवतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दुकानाच्या गल्ल्यासाठी वापरतात तशी पोलादी पेटी औषधांना पुरते. पण सुटी पेटी म्हणजे चोराला आयतं गाठोडं. अख्खी पेटी उचलून नेली की झालं. तिला आतून दोन बोल्ट मारून कपाटाच्या फळीला किंवा तळाला घट्ट बसवा. लाकडी कपाटाला बाहेरून कडी-कोयंडा लावणार असाल तर स्क्रू वापरू नका. दहा रुपयांच्या स्क्रू ड्रायव्हरने कुलूप न उघडता कोयंडाच निघून येतो. आरपार जाणारा बोल्ट घ्या, त्याचं डोकं बाहेरून गोल असू द्या आणि नट आतल्या बाजूला कसा.

भिंतीत तिजोरी बसवायची असेल तर भिंत कशाची आहे ते आधी बघा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या जुन्या घरांत मातीत बांधलेल्या दगडी किंवा जांभ्याच्या भिंती असतात. त्यात अँकर बोल्ट धरत नाही, हिसका दिला की माती सुटते. तिथं तिजोरी भिंतीत न बसवता जड लोखंडी कपाटाच्या आत बोल्टने बसवणं बरं. काँक्रीटच्या भिंतीला किंवा खांबाला अँकर चालतो.

जागा निवडताना तीन गोष्टी: चुलीपासून आणि न्हाणीघरापासून लांब, थेट ऊन येणार नाही अशी, आणि घरातल्या येण्याजाण्याच्या वाटेवरून दिसणार नाही अशी. पावसाळ्यात आपल्याकडं भिंतींना ओल येते. स्ट्रिपवर बुरशीचे डाग पडतात, कॅप्सूल चिकटतात. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला बघा. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर पंचवीस किंवा तीस अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. कौलांखालचा माळा एप्रिल-मेमध्ये त्याच्या किती वर जातो ते हात लावून बघा. माळा चोरीसाठीही वाईट, कारण तिथं कोणी गेलं तर कोणाला दिसत नाही.

आकड्यांचं कुलूप घेतलं तर जन्मसाल, गाडीचा नंबर, लग्नाची तारीख नको. घरच्या माणसाला हे सगळं पाठ असतं. म्हणून तर बाहेरच्या चोराला अडवणारं कुलूप घरच्याला अडवत नाही. विजेरीवर चालणारी तिजोरी असेल तर सोबत आलेली आपत्कालीन किल्ली त्याच तिजोरीत ठेवू नका. हे हसण्यासारखं वाटतं, पण नव्या तिजोरीच्या बाबतीत ही चूक नेहमी होते.

*खात्री करा:* पेटी बसवून झाल्यावर स्वतः चोर व्हा. हाताशी असलेल्या पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरने दहा मिनिटं प्रयत्न करा. उघडली तर पुन्हा बसवा.

५. किल्ली

देव्हाऱ्यातल्या फोटोमागे, तांदळाच्या डब्यात, गादीखाली, तुळशीच्या कुंडीत, घड्याळामागे. या पाच जागा वाचताना तुमच्या घरातली जागा आली असेल. किल्ली लपवायची नसते, ती अंगावर असायची. कनवटीला, गळ्यातल्या दोरीला, कमरेच्या साखळीला. रात्री झोपताना उशीखाली नको, अंगावरच.

दोनच किल्ल्या ठेवा. दुसरी घराबाहेर: विवाहित मुलीकडे, विश्वासातल्या शेजाऱ्याकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. पाकिटात घालून, चिकटवून, जोडावर आडवी सही करून द्या. पाकीट उघडलं गेलं तर कळेल. किल्ली हरवली आणि तीन दिवसांनी सापडली तर ती सापडली असं समजू नका, कुलूप बदला. साबणावर ठसा घेऊन किल्ली बनवायला अर्धा तासही लागत नाही.

६. गोळी देण्याची रोजची पद्धत

ज्याच्याकडे किल्ली, त्यानेच गोळी द्यायची. एकाच वेळची गोळी बाहेर काढायची, पेटी बंद करायची, मग पाण्याबरोबर समोर गिळायला लावायची. आठवड्याच्या खणांची डबी भरून बाहेर ठेवली की कुलपाला अर्थ राहत नाही. दुसऱ्या ढिगातलं औषध त्या डबीत घालायचंच नाही.

गोळी दिल्यावर वहीत बरोबरची खूण. रविवारी मोजणी, दुसऱ्या माणसाची सही. महिन्यातून एकदा दुकानाचं बिल आणि वही ताडून बघा.

फेंटानिलचा पॅच लावत असाल तर काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. केराच्या डब्यातून तो उचलला जातो. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, मोजणीच्या वहीत नोंदवा आणि विल्हेवाट लावेपर्यंत तोही कुलपात.

७. सोनं, रोकड आणि कागद

दागिन्यांचीही आधी मोजणी. घरातल्या बाईला विचारलं, "किती सोनं आहे?" तर उत्तर येतं, "बोरमाळ, ठुशी, पाटल्या, आणि सासूबाईंचा साज." वजन कोणालाच माहीत नसतं. स्वयंपाकघरातला काटा सोन्यासाठी कामाचा नाही. ओळखीच्या सराफाकडे एकदा सगळं नेऊन प्रत्येक दागिन्याचं वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या. तोळ्यात नको, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजच्या बोलण्यातला दहा ग्रॅमचा, त्यातच घोळ होतो. प्रत्येक दागिन्याचे दोन फोटो: एक पूर्ण, एक जवळून. ओळखीची खूण शब्दांत लिहा, "उजवी वाटी काठाला चेपलेली", "तिसरा मणी बदललेला". पोलीस ठाण्यात आणि सराफाच्या पेढीवर ही एक ओळ फोटोइतकीच उपयोगाला येते.

अलीकडच्या दागिन्यावर हॉलमार्कशेजारी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. भिंगातून वाचून वहीत उतरवा. बीआयएस केअर या हॉलमार्क तपासायच्या सरकारी ॲपमध्ये तो घातला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. लिहिलेलं बरोबर आहे ना, हे तिथंच ताडता येतं.

नेहमी न घालायचं सोनं घरात ठेवू नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. लॉकर उघडला की बँकेने त्याच दिवशी एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. आणि इथंच चूक होते: खात्याला नातवाचा मोबाइल नंबर जोडलेला असतो, "त्याला फोन चांगला समजतो म्हणून." एसएमएस त्यालाच जातो. नंबर तुमचा किंवा लेकीचा द्या. संयुक्त लॉकर घेताना दोघांपैकी कोणीही एकटा उघडू शकेल अशी अट लिहिलेली आहे का, ते सही करण्याआधी वाचा.

रोकड फार काळ घरात ठेवू नका. उसाचं बिल जमा झालं, गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले, पेन्शन आली, की सगळं काढून घरी आणायची सवय आपल्याकडे आहे. लागेल तेवढंच काढा. एटीएम कार्ड आणि त्याच्या पाकिटावर लिहिलेला पिन एकत्र ठेवू नका. पिन एकदाही कोणाला सांगितला असेल तर आजच बदला. गावातल्या सेवा केंद्रात अंगठ्यावर पैसे निघतात, म्हणून म्हातारी माणसं झोपेत असताना अंगठा लावून घेतल्याचे प्रकार होतात. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं आणि गरज असेल तेव्हाच उघडता येतं.

जमिनीचे खरेदीपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, चेकबुक हे सगळं दागिन्यांइतकंच महाग. मूळ प्रती लॉकरमध्ये, झेरॉक्स घरी. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही किंवा अंगठा कधीही नको. कन्नडमध्ये लिहिलेला कागद वाचता येत नसेल तर वाचून दाखवणारा माणूस आपला असावा, कागद आणणाऱ्याचा नव्हे.

८. घर माणसांनी भरतं तेव्हा

यात्रा, लग्न, गणपती-गौरी, आणि घरात कोणी गेल्यानंतरचे बारा-तेरा दिवस. वर्षभर सांभाळलेलं या दिवसांत जातं. घरात वीस-पंचवीस माणसं, झोपायच्या जागा बदललेल्या, कपाटं उघडी, आणि कोणाला कोणत्या खोलीत बघितलं तरी विचारता येत नाही.

सणाला सोनं लागणारच. लॉकरमधून आणाल तेव्हा यादी करून आणा, एकाच बाईकडे द्या, आणि सण संपल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी परत न्या. "पुढच्या आठवड्यात ठेवू" म्हणजे सण गेला, सोनं घरातच.

कर्करोगाने माणूस गेल्यावर राहिलेली औषधं ही फार नाजूक गोष्ट आहे. मॉर्फिनच्या गोळ्या, पॅच, ट्रामाडोल उशाशी तसंच पडलेलं असतं. दुःखात त्याकडे कोणाचं लक्ष नसतं आणि ज्याला हवं त्याला मात्र असतं. ज्याने आजारपणात गोळ्या सांभाळल्या त्यानेच त्याच दिवशी सगळं मोजून कुलपात घालावं. बाकी घर रडत असताना एका माणसाने हे करणं कठोर वाटेल. पण मागे राहिलेल्या तरुण पोराच्या जिवापुढे ते काहीच नाही. मॉर्फिन ज्या रुग्णालयातून मिळालं त्यांना फोन करून परत घेतात का विचारा. घेत नसतील तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये दिलेल्या यादीप्रमाणे मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडोल, टॅपेन्टाडोल, डायझेपाम ही केरात न टाकता शौचालयात टाकून पाणी सोडायची आहेत. बाकीची औषधं दुकानदाराला विचारून द्या. रिकाम्या पाकिटावरचं रुग्णाचं नाव आणि मूळ चिठ्ठी फाडून टाका.

९. गेलंच तर

गोळ्या कमी भरल्या तर पहिला प्रश्न चोर कोण हा नाही. आजारी माणसाला उद्याची गोळी आहे का, हा आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम वर्षानुवर्षं घेणाऱ्याची गोळी एकदम बंद झाली तर फिट येऊ शकते. फिटच्या औषधांचंही तसंच. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, वही दाखवा, नवी चिठ्ठी घ्या.

दुसरा प्रश्न, घेणारा ठीक आहे का. खूप झोपाळलेला, हाक मारली तरी न उठणारा, श्वास मंद, ओठ निळसर असं दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा. कुशीवर झोपवा. उलटी करायला लावू नका, ताक-लिंबू पाजू नका. रिकाम्या स्ट्रिप सोबत न्या. तिथं डॉक्टरांपासून काही लपवू नका, कारण कोणती गोळी आणि किती यावर उपचार ठरतो.

हे दोन्ही झाल्यावरच बोलणं. सगळ्यांसमोर नाही, एकट्याला बाजूला घेऊन, वही हातात घेऊन. "चोर आहेस" असं म्हणायचं नाही. "या पानावर पाच गोळ्या कमी आहेत. मला तुझी काळजी वाटते. घेतोस काय?" एवढंच. गोळ्यांची सवय लागली असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. सवय लागलेल्याच्या गोळ्या घरच्या घरी एकदम तोडू नका. वर सांगितलेला फिटचा धोका त्यालाही आहे.

सोनं किंवा पैसे गेले, आणि बोलूनही परत आले नाहीत, तर तक्रार करायची की नाही हा निर्णय घरचा. पण दहा दिवस विचार करत बसलात तर दागिना गहाण पडलेला किंवा वितळवलेला असू शकतो. निर्णय लवकर घ्या. नातेवाईक असला म्हणून चोरी माफ होत नाही: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ आहे. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देता येते, म्हणजे कोल्हापुरात राहणारी लेकही तिथून देऊ शकते. तुम्ही तोंडी सांगितलेलं पोलीस लिहून घेतात. इथं ते बहुतेक कन्नडमध्ये असतं. ते वाचून दाखवलं जाणं आणि प्रत मोफत मिळणं हा तुमचा हक्क आहे. कन्नड वाचणारं आपलं माणूस सोबत न्या आणि दागिन्यांचं वजन, खुणा, एचयूआयडी त्यात बरोबर उतरलंय का ते बघूनच सही करा. संशय असेल तर तसं सांगा, पण जे डोळ्यांनी बघितलं नाही ते बघितलं म्हणून लिहून देऊ नका.

साठ वर्षांवरच्या माणसाला घरातलाच कोणी पैशासाठी, कागदासाठी छळत असेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर बोला. पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ खाली मुलं सांभाळत नसतील तर बेळगाव, चिकोडी, बैलहोंगल या उपविभागांच्या सहायक आयुक्तांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा शेत लिहून दिलं असेल आणि पुढं सांभाळलं नाही, तर ते लिहून दिलेलं रद्द करण्याची मागणीही तिथंच करता येते.

कोणताही मार्ग धरा, त्याच आठवड्यात कुलूप बदला, दुसऱ्या किल्लीचं पाकीट नवं करा, पिन बदला. वहीत नवं पान उघडा, वर आजची तारीख, खाली उरलेला खरा आकडा, आणि दोन माणसांच्या सह्या.